फ्रीजर चांगला होता, वेळेचं माप चुकलं होतं



मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर घनसावंगीतल्या दुकानासाठी मी एक जुना डीप फ्रीजर बघितला. आइस्क्रीम ठेवायचं तर आत उणे १८ अंश किंवा त्याहून जास्त थंडावा हवा. पैसे देण्याआधी तपासू म्हणून आत डेटा लॉगर ठेवला. हे ठरावीक वेळाने तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असतं. दर १० सेकंदांना एक नोंद, १२ तास, म्हणजे सुमारे ४,३२० नोंदी.

आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा! झाकण उघडलं की आकडा उणे ९ पर्यंत चढायचा. पण झाकण उघडल्यावर आधी हवा तापते, गोठलेला माल इतक्या लवकर तापत नाही. म्हणून ५ मिनिटांची सरकती सरासरी काढायची ठरवली. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. फिल्टरमध्ये ३०० टाकलं. आलेख जसाच्या तसा! मला वाटलं, फ्रीजरच बिघडलेला आहे. मालकाला नाही म्हणून कळवलं.

दोन दिवसांनी चूक सापडली. तोवर फ्रीजर दुसऱ्याने नेला होता. मला नवा घ्यावा लागला, खिशाला चांगलीच चाट बसली.

झालं काय होतं?

फाइलमधली वेळ मिलिसेकंदांत होती. १ सेकंद म्हणजे १,००० मिलिसेकंद. म्हणजे माझे ३०० हे ५ मिनिटं नव्हतेच, पाव सेकंदापेक्षा थोडे जास्त होते. नोंदी १० सेकंदांच्या अंतराने. मग प्रत्येक सरासरीत एकच नोंद येणार, आणि एका आकड्याची सरासरी तोच आकडा! ३,००,००० टाकल्यावर प्रत्येक सरासरीत ३० नोंदी आल्या आणि रेषा रात्रभर उणे १८ च्या खालीच दिसली.

उलटी चूकही होते. एक्सेलमध्ये पूर्ण दिवस म्हणजे १. तिथे ५ मिनिटं म्हणजे ५ भागिले १,४४०. नुसतं ५ लिहिलं तर ५ दिवस होतात. मग सगळा आलेख सपाट होतो आणि खराब फ्रीजरही चांगला दिसतो. हे जास्त धोक्याचं.

फिल्टर लावण्याआधी एवढं करा

१. शेवटच्या वेळेतून पहिली वजा करा आणि घड्याळाशी ताळा घ्या. चाचणी १२ तासांची असेल तर सेकंदांत सुमारे ४३,२०० यायला हवेत. माझ्याकडे ४ कोटी ३२ लाखांच्या आसपास आले होते. तिथेच कळायला हवं होतं.

२. लागोपाठच्या दोन ओळींतला फरक बघा. लॉगर १० सेकंदांवर लावलाय आणि फरक १०,००० येतोय, तर ते मिलिसेकंद आहेत.

३. सरासरीचा कालावधी भागिले दोन नोंदींतलं अंतर, हा हिशोब करा. उत्तर १ पेक्षा कमी आलं तर फिल्टर काहीच करत नाहीये. एकूण नोंदींएवढं आलं तर सगळंच पुसतोय.

४. वेळ एकदाच सेकंदांत बदला, नव्या रकान्यात. रकान्याच्या नावातच ‘वेळ, सेकंद’ असं लिहा. मूळ रकाना ठेवा, म्हणजे दोनदा भागाकार होणार नाही.

तराजूवर ५०० दिसलं तर आपण ग्रॅम की किलो हे बघूनच पैसे घेतो ना? वेळेच्या आकड्यालाही तोच नियम लावा. मशीनला नाव ठेवण्याआधी माप तपासा.