एकच पट, निराळ्या अडचणी

प्रथम वर्षाची हजेरी एकाच पटावर होते. परंतु प्रत्येकाची अडचण निराळी असते. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग डोंगराळ. तेथील महादेव कोळी, ठाकर मुलामुलींपुढे पहिला प्रश्न निवाऱ्याचा. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६ ची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. भोजन-निवासाची रक्कम पात्र विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. त्यासाठीचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय घोडेगावलाच आहे. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात टोमॅटोच्या हंगामात मजुराच्या मुलाचे तास बुडतात. त्याला ‘कमवा व शिका’ योजना उपयोगी, कारण काम महाविद्यालयातच मिळते. ही वाट कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिली. तिसऱ्याला पैशापेक्षा माहिती हवी असते. नव्या शैक्षणिक धोरणातले मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द त्याने घरी कोणाला विचारावेत?

योजना आहेत, पण त्या कळेपर्यंत मुदत टळते आणि एखादे नाव पटावरून निमूटपणे गळते. म्हणून गुरुजनांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला “राहतोस कोठे, येतोस कसा?” एवढे विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, अर्ज भरताना आपण त्याच्या शेजारी बसावे.