पॅराग्लायडिंग: पॅसेंजर ते पायलट, मधे नेमकं काय शिकायचं?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. तुळजापूर, भूम, वाशी या भागातून मुलं विचारतायत, "दादा, आपल्या बालाघाटाच्या कड्यावरून पॅराग्लायडिंग होईल का? ऑनलाइन जुनी विंग स्वस्तात मिळतेय, व्हिडिओ बघून शिकता येईल ना?"

उत्तर आधीच सांगतो: व्हिडिओ बघून नाही. का नाही, ते आता नीट बघू. कारण प्रश्न जिवाचा आहे.

आधी एक फरक. रीलमध्ये जे दिसतं ते बहुतेक वेळा टँडम असतं. मागे पायलट, पुढे पॅसेंजर. पॅसेंजरने पळायचं, बसायचं, ओरडायचं. वारा किती आहे, उतरायचं कुठे, आज उडायचं की नाही, हे सगळं मागचा माणूस ठरवतो. स्वतंत्र पायलट व्हायचं म्हणजे हे ठरवणं तुमच्याकडे येतं. शिक्षणाचा मोठा भाग तोच आहे. ब्रेकची दोरी ओढायला फार दिवस लागत नाहीत.

महाराष्ट्रात शिकायचं म्हटलं की कामशेतचं नाव पहिलं येतं. पुणे-लोणावळा लोकलवरचं स्टेशन. आजूबाजूला मावळातले डोंगर आणि पवना धरणाचं पाणी. पावसाळा सोडला तर साधारण ऑक्टोबर ते मे इथे कोर्स चालतात. मी पहिला कोर्स तिथेच केला. धाराशिवहून आधी पुणे गाठायचं, तिथून लोकल. बस्स.

पहिल्या दिवशी उडायला मिळेल ही आशा सोडा. सपाट मैदानात विंग पसरायची, दोऱ्या सोडवायच्या, हार्नेस घालायचा आणि पळायचं. विंगच्या पुढच्या कडेला तोंडं असतात. त्यातून हवा आत शिरते, कापड फुगतं आणि त्याला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. आत कडक सांगाडा नाही, आकार मुख्यतः हवेचा. म्हणून ती डोक्यावर सरळ उभी ठेवणं हेच पहिलं कौशल्य. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. कंटाळा येतो, मांड्या भरून येतात, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. मग छोट्या उतारावरून जमिनीलगत छोट्या उड्या. त्यानंतर उंच डोंगर, आणि कानात वॉकीटॉकीवरून इन्स्ट्रक्टरचा आवाज.

जागतिक हवाई क्रीडा महासंघ, म्हणजे एफएआय, याने शिक्षणाचे पाच टप्पे सांगितलेत. पहिल्यात जमिनीलगत उडणं, दुसऱ्यात उंचावरून सरळ खाली उतरणं, त्यापुढे वाऱ्याच्या आधाराने हवेत टिकून राहणं. चौथ्या टप्प्याशी पोचलेला माणूस स्वतंत्र पायलट समजला जातो. म्हणजे चार दिवसांचा कोर्स केला की पायलट झालो, असं नाही. तो दरवाजा आहे, घर पुढे आहे.

आता थोडं गणित, सोपं आहे.

शिकाऊ विंगचा हवेतला वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १० मीटर. वारा शांत असेल तर ती एक मीटर खाली येईपर्यंत साधारण आठ मीटर पुढे जाते. १०० मीटर उंच डोंगरावरून निघालात तर ८०० मीटर पुढे उतराल. आता समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा आला. खाली येण्याचा वेग तोच, पण जमिनीवरून पुढे सरकण्याचा वेग निम्मा. म्हणजे ४०० मीटरच जाल. जे शेत उतरायला ठरवलं होतं, तिथे पोचणारच नाही. मधे उसाचा फड असेल, विहीर असेल, नाहीतर विजेची तार असेल.

आणि वारा ताशी ३६ झाला तर? तुम्ही हवेत जागच्या जागी उभे. त्याहून वाढला तर तोंड पुढे आणि तुम्ही मागे, डोंगराच्या पाठीकडे. तिथे खरा धोका आहे. ओढ्यात मोठा दगड असेल तर त्याच्यामागे पाणी कसं घुमतं? तशीच डोंगरामागे हवा घुमते. याला रोटर म्हणतात. त्यात कापडी विंग मिटू शकते. डोळ्याला मात्र काहीच दिसत नाही.

अजून एक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी १५ ला जी विंग तुमचं ऐकते, ती ३० ला तुम्हाला फरफटत नेऊ शकते. म्हणून शिकाऊ मुलांना वारा वाढला की सरळ बसवून ठेवतात. कामशेतला डोंगरावर चढून, तासभर वाट बघून, वीस किलोच्या आसपासची बॅग पाठीवर घेऊन परत उतरणं हाही कोर्सचाच भाग. कुणी कुरकुर केली की सरांचं उत्तर ठरलेलं, "डोंगर उद्या पण इथेच आहे."

आता आपल्या भागाकडे या. आपल्याकडे वारा नाही का? भरपूर आहे, म्हणून तर भूम-वाशीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण फिरत्या पात्यांच्या मागची हवा ढवळलेली असते, आणि पवनचक्की आली की तारा आल्या. शिवाय आपली काळी रानं उन्हात तापतात. तापलेली हवा बुडबुड्यासारखी वर निघते, तिला थर्मल म्हणतात. चैत्रात दुपारी उठणारी वावटळ म्हणजे धूळ उचलल्यामुळे दिसलेलं थर्मलचं बूड. घार पंख न हलवता वर चढते ती याच हवेवर. मुरलेला पायलट तिच्यावर तासन्‌तास राहतो. नवशिक्याला त्याच वेळी जमिनीवर ठेवतात आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर उडवतात.

म्हणजे बालाघाटावर कधीच उडता येणार नाही का? असं मी म्हणत नाही. पण नवीन जागा तपासणं हे अनुभवी पायलटचं काम. कड्याचं तोंड कुठल्या वाऱ्याला आहे, खाली मोकळी जमीन किती, जमिनीच्या मालकाची परवानगी, वनखात्याची हद्द (येडशी-रामलिंगचं जंगल अभयारण्य आहे), आसपासची धावपट्टी, हे सगळं बघावं लागतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यात पॅराग्लायडिंगही येतं.

जुन्या विंगबद्दल पण ऐका. उन्हाने कापड कमजोर होतं, त्यातून हवा झिरपू लागते, दोऱ्यांची लांबी बदलते. वरून रंग झकास दिसतो. शिवाय विंगला ए, बी, सी, डी असे वर्ग असतात. शिकाऊ माणसासाठी ए. स्वस्तात मिळालेली विंग डी निघाली आणि हवेत बिथरली, तर सावरायला वेळ मिळणार नाही. विंग तुमच्या वजनाच्या मापाची लागते, ते वेगळंच.

मग आज धाराशिवमध्ये बसून काय करता येईल? वाऱ्याची वही घाला. रोज सकाळी आणि संध्याकाळी दिशा लिहा, झाडाचं पान हलतंय की फांदी ते लिहा, मोबाइलवरच्या हवामान ॲपशी ताडून बघा. खळ्यावर उपणणारा माणूस वारा पडला की सूप खाली ठेवतो आणि वाट बघतो. तीच सवय लावायची.

आणि कोर्सला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. इन्स्ट्रक्टरकडे शिकवण्याचं प्रमाणपत्र आहे का? हार्नेसमध्ये रिझर्व्ह पॅराशूट आहे का, आणि ते शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं? वाऱ्यामुळे दिवस वाया गेला तर पुढे भरून देता का? तिसऱ्याला "हो" म्हणणारी शाळा बघा. जिथे दिवस वाया जाऊ देत नाहीत, तिथे वारा चुकीचा असतानाही उडवायचा मोह होतो.

तुमच्या वहीत महिनाभरात काय दिसलं ते मला नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटूया!