लय, ताल आणि ठेका
लेखांक 4

कवायतीची बातमी असो की नृत्याचे परीक्षण, ‘लयबद्ध’ आणि ‘तालबद्ध’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यातला फरक छत्तीसगडातला पंथी नाच पाहताना फार स्वच्छ कळतो.

18 डिसेंबर ही सतनामी समाजाचे गुरू घासीदास यांची जयंती. त्या दिवसांत रायपुरात आणि आसपासच्या गावांत या समाजाची पथके जैतखांब या पवित्र स्तंभाभोवती फेर धरतात. पायांत घुंगरू, साथीला मांदर हे तालवाद्य आणि झांज. आरंभी पावले सावकाश पडतात, प्रत्येक घुंगराचा आवाज सुटा ऐकू येतो. मग मांदरवाला गती चढवत नेतो आणि शेवटी घुंगरांचा नुसता एक सलग झंकार उरतो. इथे चढली ती लय. लय म्हणजे काळाची समान गती : दोन मात्रांमधले अंतर जितके कमी, तितकी लय द्रुत.

ताल निराळा. मोजून ठरवलेल्या मात्रांचे आवर्तन, पुन्हा पुन्हा समेवर (पहिल्या मात्रेवर) परतणारे, म्हणजे ताल. केरव्याच्या मात्रा 8, दादऱ्याच्या 6. पण नुसत्या मोजणीवर ताल ठरत नाही. झपताल आणि सूलताल दोन्ही 10 मात्रांचे. झपतालाचे खंड 2-3-2-3 असे पडतात, सूलतालाचे दोन-दोनांचे पाच. खंड बदलले की चालही बदलते. आणि ठेका म्हणजे तालाचे वाजते रूप, त्याचे ठरलेले बोल. त्रिताल व तिलवाडा दोन्ही 16 मात्रांचे, खंडही तेच, पण ठेके वेगळे, म्हणून कानाला ते दोन वेगळे ताल वाटतात. याच छत्तीसगडातल्या रायगडचे राजे चक्रधर सिंह कथकाचे मोठे आश्रयदाते होते. त्यांनी तालावर ‘तालतोयनिधि’ हा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला.

लय आणि ताल यांतला हा भेद रुळांवरही ऐकू येतो. जुने रूळ 13 मीटरचे असत. ताशी 47 किलोमीटरच्या सुमाराने धावणाऱ्या गाडीचे प्रत्येक चाक दर सेकंदाला एक सांधा ओलांडे. डब्याखालच्या बोगीला चाकांच्या दोन जोड्या, म्हणून ठोके जोडीने येत : खडाक्-खडाक्, खडाक्-खडाक्. गाडीने वेग घेतला तरी जोडी मोडत नसे, अंतर तेवढे आखडत जाई. रचना कायम आणि लय चढती! आता रायपूरशेजारच्या भिलाई कारखान्यात 260 मीटर लांबीपर्यंतचे रूळ तयार होतात आणि मार्गावर तेही एकमेकांना वितळजोड देऊन जोडतात, त्यामुळे तो ठेका बराच विरला आहे.

शास्त्राबाहेरची आपली बोलीही या बाबतीत फार सूक्ष्म आहे. पागोळ्या ‘टपटप’ गळतात. वादळात आंबे ‘टपाटप’ पडतात. मधला ‘आ’ येताच संथपणा जातो, घाई येते आणि नियमितपणाची हमी राहत नाही. ‘धडधड’ आणि ‘धडाधड’, ‘खटखट’ आणि ‘खटाखट’ यांतही तेच. लिहिणाऱ्यांनी हा ‘आ’ जपून वापरावा.

पंथी पाहायला जाल तेव्हा नाचणाऱ्यांच्या पायांआधी मांदरवाल्याच्या हाताकडे पाहा. लय आधी तिथे चढते. पुढील लेखांकात सुवा नाच : दिवाळीच्या सुमारास बायका टोपलीतल्या मातीच्या राघूभोवती टाळ्यांवर धरतात तो ताल.