पाया कोणी पाहिला?

वसईच्या वाडीत घर बांधायचे ठरले की जुना गवंडी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारी. मजुरी, विटा, चुना यांच्या गोष्टी मागाहून. जागेवर उभा राहून, अंगठ्याने माती उकरून तो म्हणे, "इथं आधी काय होतं?"

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांची गोष्ट आठवते. त्यांनी घरासाठी वाडीचा एक कोपरा पसंत केला होता. गवंडी म्हणाला, "काका, इथं बावखल होतं. तुमच्या वडिलांनी बुजवलं. घर दहा हात अलीकडे घ्या." त्यासाठी दोन फळते माड तोडावे लागणार होते. काका चार दिवस चरफडले. पण अखेर माड तोडले. त्या घराच्या भिंतीला आजतागायत तडा नाही. त्यांची सून हे सांगते तेव्हा गवंड्याचे नावही आदराने घेते.

बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, विहिरींना पाझर देई आणि केळी-पानवेलींना जगवी. पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला आणि पुष्कळ बावखले भरावाखाली गेली. भराव वरून सपाट दिसतो. पण तो सर्वत्र सारखा दबत नाही. घराचा एक कोपरा कठीण जमिनीवर आणि दुसरा भरावावर आला, तर दुसरा खचतो आणि भिंतीतून तिरकी भेग निघते. शिवाय तळ्यात राहणारे पाणी दुसरी वाट शोधते. १० जुलै २०१८ रोजी वसई-विरार जलमय झाले, रेल्वे थांबली, मिठागरांतली माणसे अडकली. त्या वेळी पाण्याच्या जुन्या वाटा अनेकांना नव्याने आठवल्या.

वाचकहो, त्या जुन्या व्यवहारात जागेची माहिती असलेला, निर्णय घेणारा आणि त्या घरात निजणारा हे तिघे एकाच अंगणात उभे असत. आज माहिती एकाकडे असते, निर्णय दुसरा घेतो आणि धोका तिसऱ्याच्या माथी येतो. तिसऱ्याला तर कोणी विचारलेलेच नसते.

२६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा भाग कोसळला. एका घरात लहानग्या लेकराचा वाढदिवस चालला होता. १७ माणसे गेली. इमारत अनधिकृत होती. आपल्याकडे तीस वर्षांहून जुन्या इमारतींची बळकटी तपासून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. या इमारतीला तेवढी वर्षे झालीही नव्हती. त्या घरांत राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, संसार मांडले होते. पायात काय घातले आहे हे त्यांना कसे कळावे?

कोणी म्हणेल, हा लोभी बिल्डरांचा आणि अडाणी ग्राहकांचा प्रश्न आहे. जाणत्या इंजिनियरांच्या हाती काम असते तर असे घडले नसते. तसे असते तर किती बरे झाले असते! पण पानशेत आठवावे. तिथे विद्येची वाण नव्हती. पुण्याजवळच्या आंबी नदीवरील हे मातीचे धरण १९६२ मध्ये पुरे व्हायचे होते. पण एक वर्ष आधीच, १९६१ च्या पावसाळ्यात, त्यात पाणी अडवायचे ठरले. पाणी सोडण्याच्या मोरीच्या दरवाजांचे काम अपुरे होते आणि मोरीच्या काँक्रीटमध्ये पोलादी सळ्या नव्हत्या. पाण्याच्या धडाक्याने मोरी हादरू लागली, तिच्यावरची माती खचू लागली. जवानांनी रात्रभर पोती रचली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले.

दरवाजे अपुरे आहेत हे कामावरच्या माणसांना दिसत होते. तारीख मात्र ठरून गेली होती. ठरलेल्या तारखेपुढे "थांबा" म्हणणाऱ्याचा आवाज किती बारीक होतो, हे ज्याने घराचे साधे छप्परही वेळेत घालून घेतले आहे त्याला सांगायला नको.

कोयनेची हकीकत याहून निराळी आहे. दख्खनचा खडक स्थिर, तिथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असा तेव्हाचा समज होता. जलाशय भरू लागल्यावर हादरे जाणवू लागले, तेव्हा ते मोजणारी यंत्रे बसवण्यात आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पुष्कळ माणसे दगावली. धरणाला भेगा पडल्या. पण ते उभे राहिले. पुढे त्या भेगा बुजवल्या आणि मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन धरण बळकट केले. समज चुकीचा ठरला, तेव्हा तो कवटाळून न बसता निर्णय बदलले. नव्या माहितीला वरपर्यंत जाण्याची वाट मोकळी राहिली, हे तिथले मोठे शहाणपण.

तीच वाट आपल्या इमारतीतही हवी. घर घेताना आपण फरशीचा रंग, खिडकीतला वारा आणि स्टेशनचे अंतर पाहतो. जागेवर पूर्वी काय होते, मातीची तपासणी कोणी केली, नकाशा मंजूर आहे का, हे विचारायला लाजतो. सोसायटीच्या सभेत तळमजल्याचा खांब तासून दुकान रुंद करायचा ठराव येतो, तेव्हा एखादा सभासद भीत भीत म्हणतो, "आधी इंजिनियरला विचारू या." त्याला काम अडवणारा म्हणून गप्प बसवले जाते. खरे तर त्या सभेत सगळ्यांच्या मुलाबाळांच्या वतीने बोलणारा तोच एकटा असतो.

यंदा उंबरठ्यावर पणती ठेवताना त्या उंबरठ्याखाली काय आहे, हा विचार मनात यावा. आणि पुढच्या सभेत कोणी "थांबा" म्हणाले, तर निदान त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. काकांचे दोन माड गेले; घर राहिले.