झाहा हदीद : रेघेतून उभ्या राहिलेल्या भिंती

ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. कमळाच्या आकाराचं त्याचं टर्मिनल झाहा हदीद यांच्या लंडनच्या संस्थेनं रचलं आहे. ते पाहायला बाई मात्र नव्हत्या. ३१ मार्च २०१६ रोजी त्या गेल्या.

जन्म बगदादचा, १९५०चा. वडील इराकमधले पुढारी, काही काळ अर्थमंत्री. बैरूतला गणित शिकून १९७२मध्ये बाई वास्तुकलेसाठी लंडनला गेल्या. तिथं त्यांच्यावर रशियन चित्रकार मालेविचचा मोठा प्रभाव पडला. त्याच्या चित्रांत चौकोन अन् पट्टे जमिनीला न टेकता तरंगत असतात. इमारत अशी का तरंगू नये? नेहमीच्या नकाशात हे मावेना, म्हणून बाई आपल्या इमारतींची मोठाली रंगचित्रं काढायच्या.

१९८३मध्ये हाँगकाँगच्या डोंगरावरच्या एका क्लबची स्पर्धा त्यांनी जिंकली. परीक्षक इसोझाकी यांनी बाद झालेल्या ढिगातून त्यांचं काम पुन्हा वर काढलं होतं. क्लब काही उभा राहिला नाही. त्यांना 'कागदावरच्या आर्किटेक्ट' म्हणू लागले. आम्हा कवींचं बरं असतं. वही छापली नाही तरी कविता कविताच राहते. न बांधलेल्या घरात कोण राहणार?

दहा वर्षांनी, १९९३मध्ये, जर्मनीतल्या व्हिट्रा या फर्निचर कारखान्याचं अग्निशमन केंद्र उभं राहिलं. तिरक्या, टोकदार काँक्रीटच्या भिंती. रेघच जणू घट्ट झालेली. पुढं कार्डिफच्या ऑपेरागृहाची स्पर्धा जिंकूनही १९९५मध्ये लॉटरीच्या निधीनं पैसे नाकारले. बाई परदेशी आणि बाई, याचा त्यात काहीच वाटा नव्हता, हे मला पटत नाही.

२००४मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. ते मिळवणारी ही पहिलीच स्त्री. मग संगणकानं हात दिला आणि रेघा वळू लागल्या. बाकूचं हैदर अलीयेव केंद्र (२०१२) पाहा. समोरचा चौकच उचलला जातो, त्याची भिंत होते, भिंतीचं छप्पर. आत पोलादी सांगाडा आहे, खांब पोटात दडवलेले. ही जागा मोकळी करताना माणसांची घरं उठवल्याचा आरोपही झाला. इमारतीचं कौतुक करताना तो गाळता येत नाही.

बाई गेल्या तेव्हा बरीच कामं अर्धवट होती. अँटवर्पचं बंदर-कार्यालय सप्टेंबर २०१६मध्ये खुलं झालं. जुन्या अग्निशमन केंद्राची इमारत तशीच ठेवून तिच्या डोक्यावर काचेचं जहाज चढवलं आहे.