विषय नाहीत, की कान नाहीत?

कल्याण पूर्वेच्या आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदना आटोपली, की चार तरुण मुले-मुली मागच्या खोलीत जाऊन बसतात. आवाज नको म्हणून पंखा बंद करतात, खिडकीला सतरंजी अडकवितात आणि टेबलावर मोबाइल ठेवून बोलू लागतात. याला पॉडकास्ट म्हणतात. आमची पिढी आकाशवाणीची 'कामगार सभा' आणि 'वनिता मंडळ' ऐकत वाढली. हाही ऐकण्याचाच कार्यक्रम, पण त्याला ठरलेली वेळ नाही. गाडीत उभे असताना, भाकरी थापताना, केव्हाही मोबाइलवर ऐकावा. शब्दही जुना नाही, २००४ सालातला. खर्च जवळजवळ शून्य आणि परवानगी कोणाची लागत नाही. ज्यांचा आवाज कधी कोणी मागितला नाही, त्यांच्या हाती असे साधन येणे ही लहान गोष्ट नव्हे.

मुलांनी उत्साहाने नऊ भाग केले आणि दहाव्याला गाडी अडली. आम्ही पेशाने कारकून, विहाराचा जमाखर्च आमच्याकडे असतो. एका रविवारी मुले आमच्यापुढे येऊन म्हणाली, "सर, विषय संपले."

आम्ही नऊ भागांची यादी मागितली. महाडचा सत्याग्रह, धम्मदीक्षा, संविधान, स्पर्धा परीक्षेची तयारी, व्यसनमुक्ती. विषय सारे मोलाचे, पण प्रत्येकावर आधीच शेकडो भाषणे मोबाइलवर पडून आहेत आणि अभ्यासू माणसांनी केलेली आहेत. आमच्या मुलांनी तीच ऐकून, थोडी फिरवून, पुन्हा सांगितली होती. मोबाइलमध्ये शोधले, तर मोबाइलमध्ये आधीच असलेले तेवढेच सापडणार. नवे हवे असेल, तर जे तिथे अजून पोचलेलेच नाही तिकडे गेले पाहिजे. हे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले खरे, पण त्याचा अर्थ आम्हांलाही नंतर कळला, आणि तोही आमच्याच चुकीतून.

चहा देणारीला कोणी विचारले नाही

विठ्ठलवाडीला आमच्या ओळखीचे एक अण्णा राहतात. रेल्वेत गँगमन म्हणून त्यांनी आयुष्य काढले. रुळांवरची माणसे, त्यांच्या संघटना, पावसाळ्यातल्या रात्रपाळ्या यांबद्दल ते रंगून बोलत. "मुलांना घेऊन या, सगळं सांगतो," असे त्यांनी स्वतःहून म्हटले होते. आम्ही म्हटले, जयंतीची धावपळ संपू द्या. जयंती झाली, मग लग्नसराई आली, मग वार्षिक हिशेब आला. जून महिन्यात अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली.

आम्ही मुलांना घेऊन भेटायला गेलो. अण्णांनी हात धरला, बोलण्याचा प्रयत्न केला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आमचीही मान खाली गेली. आजींनी नेहमीप्रमाणे चहा आणला. गेली वीस वर्षे आम्ही त्या घरी चहा पीत आहोत. आजींना त्यांचे काही विचारावे, हे आम्हांस कधी सुचले नव्हते. आमच्याबरोबरच्या मुलीला मात्र सुचले. ती म्हणाली, "आजी, तुम्ही इकडे कशा आलात?"

आजी १९७२ च्या दुष्काळात सातारा जिल्ह्यातून आल्या. त्याआधी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. इकडे आल्यावर ठाण्यात एका बांधकामावर बिगारी काम मिळाले. एका संध्याकाळी कल्याणला गाडी बदलताना चुकीच्या गाडीत चढल्या. कडेवर सहा महिन्यांचे मूल. कल्याणहून एक वाट कर्जतकडे जाते, दुसरी कसाऱ्याकडे. विठ्ठलवाडी कर्जतच्या वाटेवर, आणि त्या पोचल्या कसाऱ्याला.

"पाटी वाचाया येत नव्हती," आजी म्हणाल्या. "रातभर फलाटावर बसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीकडून दोन्ही नावं लिहून घेतली. दोन्ही 'क' नंच सुरू व्हत्यात, दोन्हीत तीनच अक्षरं. वळखायचं कसं? मंग पोरीनं दावलं, कर्जतच्या डोक्यावर कोयता हाय. कोयता दिसला की चढायचं."

तो कोयता म्हणजे रफार. आजी आधी रफार शिकल्या, बाराखडी नंतर. पुढे मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावर त्या वाचायला शिकल्या. आज त्या हे साप्ताहिक चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आजींची परवानगी घेऊन मुलांनी तो दहावा भाग केला. अण्णा कॉटवर पडून ऐकत होते. मध्येच त्यांनी मान हलविली, आणि आजी म्हणाल्या, "ह्यांना बी हे आजच कळलं."

हे काम आपल्याकडे झालेले आहे

ही वाट आमच्या मुलांनी शोधून काढलेली नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना गावोगाव गाठले, त्यांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्या बायका घरोघरी होत्याच. त्यांना विचारणारे कोणी नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ती संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. आज जाते गेले, पण त्या आवाजांतले कित्येक राहिले.

विषयांची आवक-जावक

आम्हांला कारकुनीखेरीज दुसरी विद्या अवगत नाही. म्हणून मुलांना एक जाड वही आणून दिली आणि कचेरीतल्या आवक-जावक वहीसारखे रकाने आखून दिले: तारीख, काय ऐकले, कोणाकडून, त्यांचे वय, भेट केव्हा ठरली. वयाचा रकाना लाल शाईने भरायचा. ज्याचे वय जास्त, त्याचा नंबर आधी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची भेट 'जयंतीनंतर' ठेवायची नाही, हे आम्ही अण्णांमुळे शिकलो.

दोन महिन्यांत वहीची चाळीस पाने भरली. वानगीदाखल काही नोंदी देतो.

रेल्वे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत आला, हे शाळेत सांगतात. पण त्या मार्गावर आयुष्य घालविलेले खलाशी, गँगमन, हमाल, सफाई कामगार काय सांगतात? २६ जुलै २००५ च्या पुरात ठाण्याहून रुळांवरून चालत घरी आलेली माणसे प्रत्येक चाळीत आहेत.

बंद कारखाने. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत एकेकाळी भोंग्यावर घड्याळ लावीत. भोंगा थांबल्यावर घरातल्या बाईने संसार कसा सावरला? पापड लाटून, शिवण करून, की डबे देऊन? हा विषय अर्थशास्त्राचाही आहे आणि चुलीचाही.

शेजारी. आगरी समाजाच्या लग्नात विधी सांगणारी आणि गाणी म्हणणारी धवलारीण असते. भिवंडी-कल्याणच्या गावांत या बाया अजून आहेत, पण थोड्या. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविले. त्यांच्या घरातल्या आजीलाही कोणी विचारीत नसेल. आपल्याच समाजापुरते कान उघडे ठेवले, तर वही लवकर संपेल.

जुने दगड. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आपल्या गावच्या एका कारागिराला, वाटसरूला पाणी मिळावे असे वाटले. मुलांनी यावर भाग केला, तेव्हा त्या सोनारापासून सुरुवात करून ते थेट महाडच्या तळ्यावर आले. विषय तोच जुना, पण या वेळी तो कल्याणचा झाला होता आणि ऐकणाऱ्यांना नवा वाटला.

काही पथ्ये

पहिले, विचारल्याशिवाय आवाज घ्यायचा नाही. घेतल्यावर घरच्यांसमोर ऐकवायचा आणि नको म्हणतील तो भाग काढायचा. एका मावशींनी सासरच्या छळाची हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "हे बाहेर नको." मुलांनी ती त्यांच्यासमोर पुसून टाकली. भाग बुडाला, पण विश्वास राहिला, आणि त्याच मावशींनी पुढे तीन घरे दाखविली.

दुसरे, आठवण आणि सनावळी वेगळ्या ठेवायच्या. माणूस साल विसरतो, प्रसंग विसरत नाही. साल पडताळायला ग्रंथालय आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तिथे तासभर बसावे.

तिसरे, "तुमचा संदेश काय?" हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला, की माणूस भाषण करू लागतो. "त्या दिवशी काय जेवलात?" असे विचारावे. मग माणूस आपोआप सांगत सुटतो.

आता मुलांपुढे अडचण आहे ती रविवार कमी पडण्याची. त्यांचे ऐकणारे काही हजारांत नाहीत, दीडदोनशे असतील. पण विठ्ठलवाडीच्या आजींचा भाग त्यांच्या माहेरी पोचला आणि पन्नास वर्षे न भेटलेल्या मैत्रिणीचा फोन आला. आमच्या लेखी हा जमाखर्च फायद्याचा आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी पॉडकास्ट करणारे कोणी असेल वा नसेल. मोबाइल मात्र असेल. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा. आणि उत्तर ऐकताना चहा मात्र तुम्ही करा. नेहमी चहा करणारीलाही त्या दिवशी बसून बोलू द्या.