कठडा कोणत्या गाडीसाठी?

गाडी घ्यायला गेलेले गिऱ्हाईक आता मायलेजच्या जोडीने स्टारही विचारते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी ही गाड्यांची धडक-चाचणी सुरू झाली आणि आपटून चेपलेल्या गाड्यांचे व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर पोचले. त्या चाचणीत निकाल लागतो तो गाडीचा. समोरचा अडथळा कधी नापास होत नाही. महामार्गावरच्या पुलांचे कठडे तपासणाऱ्या मंडळींचे काम नेमके याच्या उलट. तिथे गाडी हे नुसते साधन असते आणि पास-नापास व्हायचे ते कठड्याने. सुमारे सत्तर वर्षे, प्रामुख्याने अमेरिकेत, ही परीक्षा चालू आहे. या काळात विचारला जाणारा प्रश्न एकच राहिला: कोणती गाडी, किती वेगाने, किती कोनात? उत्तरे मात्र सारखी बदलत गेली. त्या बदलांचा हा मागोवा.

पुलाचा कठडा हा मुळात पायी जाणाऱ्याला आधार आणि पुलाला शोभा म्हणून आला. खांब, त्यांवर आडव्या पट्ट्या, फार तर दगडी जाळी. मोटारींचा वेग वाढला तरी कठडे बराच काळ त्याच घडणीचे राहिले. पूल बांधणाऱ्याचे सगळे लक्ष खाली, म्हणजे पाया, खांब आणि स्लॅब यांवर. कठड्याचा हिशेब झालाच तर कागदावर होई. १९६० च्या दशकातल्या अमेरिकी नियमाप्रमाणे कठड्यावर बाजूने दहा हजार पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार टनांचा, स्थिर भार धरायचा आणि त्याला पुरेल एवढे पोलाद नाहीतर काँक्रीट घालायचे. पण गाडी कठड्याला रेलून उभी राहत नाही. ती येऊन धडकते, घासते, वर चढते, खांबात चाक अडकवून घेते. स्थिर भाराच्या गणितात यातले काहीच बसत नव्हते.

हे ओळखून प्रत्यक्ष गाड्या आदळवून बघणारेही होतेच. १९५६ साली कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातले जॉन बीटन यांनी काँक्रीटच्या कठड्यांवर खऱ्या मोटारी आदळवून घेतलेल्या चाचण्यांचा अहवाल हायवे रिसर्च बोर्डापुढे मांडला. त्याच सुमारास न्यू जर्सी राज्यात रस्त्याच्या मधोमध काँक्रीटची उतरती भिंत उभी राहू लागली. १९५५ साली ती जेमतेम दीड फूट उंच होती, १९५९ पर्यंत ३२ इंचांवर पोचली. जनरल मोटर्सने आपल्या मिशिगनमधल्या चाचणी मैदानावर पुलांसाठी तशाच धाटणीची भिंत तयार केली. या भिंतींमागची कल्पना मोठी हुशारीची होती. गाडी थोड्या कोनात घसटली तर तिचे चाक आधी खालच्या उतारावर चढते. गाडी किंचित उचलली जाते, धडकेचा काही जोर त्या उचलण्यात खर्च होतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर उतरते. पत्र्याला ओरखडाही नाही, अशी उदाहरणे पुष्कळ.

कठड्याचे खरे काम इथे ध्यानात येते. त्याने गाडी थांबवायची नसते, वळवायची असते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी २५ अंशांच्या कोनात कठड्यावर आली, तर तिचा कठड्याच्या दिशेचा वेग ४२ किलोमीटरच भरतो आणि कठड्याला समांतर वेग ९१ च्या आसपास. कठड्याने ते ४२ पचवायचे आणि ९१ ला वाट मोकळी ठेवायची. मधेच खांबाने चाक धरले की समांतर वेगही एका क्षणात अंगावर येतो. शिवाय वळलेल्या गाडीने कॅरमच्या स्ट्रायकरसारखे पट्टीवरून उसळून समोरच्या लेनमध्ये जायचे नाही, कठड्याला धरूनच पुढे सरकायचे. नुसता भक्कम कठडा म्हणजे चांगला कठडा नव्हे, हे या शास्त्राचे पहिले सूत्र.

१९६२ साली हायवे रिसर्च बोर्डाने चाचणीची रीत ठरवून देणारे परिपत्रक काढले, क्रमांक ४८२. ते अवघे एका पानाचे होते. गाडी एकच, चार हजार पौंडांची, म्हणजे सुमारे १८०० किलोंची. वेग ताशी ६० मैल. त्या काळच्या अमेरिकी रस्त्यावरची नेहमीची लांबरुंद मोटार ती हीच. ‘कोणती गाडी’ या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी सोपे होते. ट्रकचा, बसचा किंवा लहान गाडीचा त्यात विचारच नव्हता.

तो विचार करायला १९७६ च्या मे महिन्याने भाग पाडले. ११ मे रोजी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात साडेसात हजार गॅलन अमोनिया घेऊन निघालेला टँकर दोन महामार्ग जोडणाऱ्या उंच रॅम्पचा कठडा तोडून पंधरा फूट खालच्या वाहत्या रस्त्यावर कोसळला. टँकर फुटला, पांढरा वायू खालच्या वाहनांवर पसरला. काही जण दगावले, शंभराहून अधिक जणांना इस्पितळ गाठावे लागले. दहाच दिवसांनी, २१ मे रोजी, कॅलिफोर्नियात मार्टिनेझजवळ युबा सिटीच्या हायस्कूलची गाणारी मुले घेऊन जाणारी बस ब्रेक निकामी होऊन महामार्गावरून उतरणाऱ्या रॅम्पचा कठडा ओलांडून गेली. एकवीस फूट खाली ती टपावर उलटी पडली. २८ विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतची एक मोठी व्यक्ती, असे २९ जण गेले. दोन्ही ठिकाणी कठडा होता. पण तो ना टँकरसाठी होता, ना बससाठी.

पुढच्या दशकात जड वाहनांचे कठडे हा वेगळा विषय झाला. सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने त्याच काळात आडवी पट्टी आणि खांब यांच्यामध्ये पोलादी कडी बसवलेला कठडा करून पाहिला. धडक बसली की कडी चेपते आणि जोर गिळते. टेक्सास ट्रान्स्पोर्टेशन इन्स्टिट्यूटचे टी. जे. हर्श यांच्या चमूने थेट टँकरच अंगावर घेतला. ३६ टनांचा भरलेला टँकर ताशी ८० किलोमीटर वेगाने १५ अंशांत आदळवला आणि तो वळवून दाखवला. त्यासाठी कठड्याची उंची ठेवावी लागली ९० इंच, म्हणजे साडेसात फूट. एवढी उंची का? टँकरचा गुरुत्वमध्य उंचावर असतो. कठडा त्याच्या खाली राहिला की चाके अडतात आणि वरचे धूड कठड्यावरून पलीकडे कलंडते. असा तट प्रत्येक पुलावर बांधणे परवडणारे नव्हते. कुठे बांधायचा आणि कुठे नाही, हा खर्चाचा आणि जोखमीचा सवाल तेव्हापासून कायमचा मागे लागला.

एकीकडे ट्रक-टँकरची चिंता, तर दुसरीकडे तेलटंचाईने गाड्या लहान केल्या. १९८१ च्या चाचणी नियमावलीत, म्हणजे अहवाल क्रमांक २३० मध्ये, १८०० पौंडांची, जेमतेम आठशे किलोंची मोटार दाखल झाली. मोठ्या गाडीला अलगद उचलणारा भिंतीचा उतार या हलक्या गाड्यांना उलटवू लागला. जनरल मोटर्सच्या भिंतीत खालचा उतार १५ इंचांपर्यंत जात असे. शेव्हरोले व्हेगासारखी लहान गाडी त्यावर फार वर चढते असे दिसल्यावर तो आकार मागे पडला. न्यू जर्सीच्या भिंतीत उतार बदलण्याचा हा मोड १३ इंचांवर होता. साउथवेस्टच्या अभ्यासकांनी संगणकावर ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत आकार मांडून पाहिले. त्यांतला शेवटचा, मोड १० इंचांवर आणलेला ‘एफ’, सरस ठरला. ‘एफ शेप’ हे नाव त्या यादीतल्या अक्षरावरूनच पडले. तीन इंचांच्या फरकाने गाडी चाकांवर राहते की टपावर जाते हे ठरत होते. पुढे टेक्सासने मोडच काढून टाकला आणि पायापासून माथ्यापर्यंत एकच उतार असलेली भिंत आणली.

तोवर एक अडचणीची गोष्ट उघड झाली होती. कागदावरचा स्थिर भार व्यवस्थित पेलणारे कित्येक कठडे मैदानावर नापास होत होते. १९८६ साली अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनाने फर्मान काढले: केंद्राचा पैसा हवा असेल तर पुलाचा कठडा प्रत्यक्ष धडकेतून उतरलेला हवा. सोबत पास झालेल्या २२ नमुन्यांची यादीही दिली. इथून पुढे कठड्याला आकडेमोडीचा दाखला पुरेना.

१९९३ च्या अहवाल क्रमांक ३५० ने चाचणीच्या सहा इयत्ता ठरवल्या आणि २००९ च्या ‘मॅश’ या नियमावलीने त्या आणखी कडक केल्या. तिसऱ्या इयत्तेत ११०० किलोंची मोटार आणि २२७० किलोंचा पिकअप, दोन्ही ताशी १०० किलोमीटर, २५ अंश. चौथीत दहा टनांचा ट्रक, पाचवीत ३६ टनांचा ट्रेलर, सहावीत तेवढ्याच वजनाचा टँकर. चौथीच्या ट्रकचे वजन आठ टनांवरून दहावर आणि वेग ८० वरून ९० वर गेला. बदल थोडा वाटतो, पण वेगाचा वर्ग होत असल्याने धडकेचा जोर दीडपटीहून अधिक वाढला. ३२ इंचांच्या न्यू जर्सी भिंतीवर नव्या नियमाने ट्रक सोडला तेव्हा तो भिंतीवरून पलीकडे गेला. एकेकाळी पास झालेली ही भिंत, तिला तडा न जाता, चौथ्या इयत्तेत नापास झाली. किमान उंची आता ३६ इंच मानली जाते.

अशी एक चाचणी जवळून पाहण्यासारखी असते. टेक्सासची संस्था ब्रायनजवळच्या जुन्या हवाई तळावर, तर नेब्रास्काची मिडवेस्ट रोडसाइड सेफ्टी फॅसिलिटी लिंकनच्या विमानतळालगत हे काम करते. गाडीला वेग घ्यायला धावपट्टीसारखी लांब मोकळी फरशी लागतेच. आधी पुलाच्या स्लॅबची कड आणि तिच्यावर पुरेशा लांबीचा कठडा बांधायचा, काँक्रीट पुरते पिकू द्यायचे. स्लॅबची कडही हवीच, कारण कधी कठडा शाबूत राहतो आणि त्याच्या बुडाचा स्लॅब उखडतो. गाडी चालकाविना, दोरखंडाने ओढली जाते. जमिनीलगत ताणलेली दुसरी तार तिला रेषेत ठेवते. धडकेच्या जरा आधी गाडी सोडून दिली जाते. लहान मोटारीत ७५ किलोंचा पुतळा पट्टा बांधून बसवलेला असतो. धडकेत त्याचे डोके खिडकीबाहेर येऊन कठड्याला लागते का, हे कॅमेरा टिपतो. गाडीच्या गुरुत्वमध्यापाशी त्वरणमापक असतो. त्याच्या नोंदीवरून हिशेब होतो, की आतला माणूस किती वेगाने दरवाजावर किंवा डॅशबोर्डवर आपटला असता. सेकंदाला १२.२ मीटरपेक्षा जास्त भरला तर कठडा नापास, मग गाडी कितीही सुबक वळलेली असो. सगळा खेळ सेकंदाच्या आत संपतो. मग टेप घेऊन माणसे वाकतात: रबराचा काळा पट्टा किती उंचीवर सुरू झाला, पाय ठेवायची जागा किती आत चेपली, टप किती दबला. टपाला चार इंचांपर्यंत मुभा आहे.

प्रत्येक कल्पनेसाठी गाडी फोडणे परवडत नाही. म्हणून १९९० च्या दशकापासून एलएस-डायनासारख्या संगणकीय प्रणालीत आधी गाडी आदळते. आकार, सळ्या, उंची तिथे घासूनपुसून घेतात आणि अखेरची परीक्षा मैदानावर होते.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत पुलांच्या अडथळ्यांसाठी तीन श्रेणी आहेत. पहिल्या दोन १५ किलोन्यूटन वजनाच्या, म्हणजे साधारण दीड टनाच्या मोटारीसाठी. तिसरी, ३०० किलोन्यूटनच्या, म्हणजे तीस टनांच्या वाहनासाठी, तीही ताशी ६० किलोमीटरला. ती रेल्वेमार्गावरच्या आणि विशेष धोक्याच्या पुलांपुरती. नव्या द्रुतगती मार्गांवर उतरत्या काँक्रीट भिंती आपण रोज पाहतो. प्रश्न जुन्या पुलांचा आहे. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी. मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली आणि किमान बारा जणांचा जीव गेला. त्यानंतर दहा दिवसांनी गोव्यात जुन्या झुआरी पुलाचा कठडा तोडून एक मोटार नदीत पडली, चार जण गेले. दोन्हींनंतर चालकाची, वेगाची, पावसाची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण चालक चुकणार हे गृहीत धरूनच कठडा बांधायचा असतो.

दरम्यान गाडी पुन्हा बदलते आहे. लिंकनच्या मैदानावर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांसोबत घेतलेल्या चाचणीत सात हजार पौंडांहून जड रिव्हियन हा विजेवरचा पिकअप ताशी साठ मैलांनी सोडला. रस्त्याकडेचा पत्र्याचा गार्डरेल त्याने फाडला आणि वेग फारसा न घटता तो पार गेला. मागच्या काँक्रीटच्या अडथळ्याने त्याला धरले. टेस्लाची मोटार तर गार्डरेल उचलून त्याच्या खालून निघाली. बॅटरीमुळे वजन वाढते आणि गुरुत्वमध्य खाली जातो, दोन्ही एकाच वेळी. ही रस्त्याकडेची उदाहरणे असली, तरी पुलाच्या कठड्यापुढे येणारा प्रश्न यातून दिसतो.

अमेरिकेच्या पूल-नोंदवहीत वर्षानुवर्षे कठड्यासाठी एक आकडा होता: चालू निकषाला उतरतो तर १, नाहीतर ०. कठड्याला कोणी बोट न लावताही, नुसता निकष बदलला म्हणून, तो आकडा १ वरून ० वर येऊ शके. २०२२ च्या नव्या नोंदपद्धतीत तर कठडा कोणत्या नियमावलीच्या कोणत्या इयत्तेत पास झाला, हेच विचारले आहे. कठडा तुटला आहे का, गंजला आहे का, एवढे पाहणारी तपासणी त्याचे आजचे रूप सांगते. तो कोणत्या गाडीसाठी उभा केला होता, हे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. आपले हजारो जुने कठडे एका झटक्यात बदलणे शक्य नाही. मात्र प्रत्येक पुलापुढे त्या गाडीचे वजन आणि वेग लिहिला, तर निदान कोणता कठडा आधी बदलायचा याची यादी तयार होते. पैसा कुठून आणायचा हा त्यानंतरचा प्रश्न.